हाड् म्हणण्याआधी

कुत्र्याला माणसाची भीती बरोबर कळते, ही माहिती मला आजवर कुत्र्यांना न घाबरणाऱ्या माणसांनीच दिली आहे. ती देण्याची त्यांची वेळही ठरलेली. समोर दहा पावलांवर एक तांबूस कुत्रं मान खाली घालून, पाठीवरचे केस पिंजारून उभं असतं आणि शेजारचा गृहस्थ हळू आवाजात म्हणतो, "घाबरू नका हं. आपण घाबरलो की त्यांना वास येतो." तोवर मी फक्त कुत्र्याला घाबरत असतो. त्या वाक्यानंतर स्वतःच्या घामालाही घाबरू लागतो.

या वासाच्या गोष्टीत तथ्य आहे, हे मात्र मान्य करावं लागतं. इटलीत नेपल्सच्या विद्यापीठातल्या संशोधकांनी भीतीदायक चित्रफीत बघणाऱ्या माणसांच्या काखेतला घाम गोळा केला आणि तो कुत्र्यांना हुंगायला दिला. (विज्ञानापायी माणसं काय काय गोळा करतील, सांगता येत नाही.) २०१८ साली निष्कर्ष छापून आले. भीतीचा घाम हुंगलेली कुत्री कुणाच्या अंगावर धावून गेली नाहीत. ती स्वतःच बेचैन झाली, त्यांच्या काळजाचे ठोके वाढले आणि ती आपापल्या मालकाला जाऊन चिकटली. म्हणजे मी घाबरलोय हे त्याला कळतं, आणि मग तेही घाबरतं. दोन घाबरट समोरासमोर उभे, आणि दोघांपैकी एकाचे दात चांगले आहेत, असा हा सगळा मामला आहे. अर्थात ती कुत्री घरातली होती, लाडावलेली. आमच्या गल्लीतल्यांना जाऊन चिकटायला मालक नाही, ही अडचण उरतेच.

मी पुण्यातल्या एका वर्तमानपत्रात रात्रपाळीला उपसंपादक आहे. शहर आवृत्तीचं शेवटचं पान सुटलं की मी सुटतो, म्हणजे दीड-पावणेदोनला. म्हात्रे पूल ओलांडून गाडी एरंडवण्याच्या बाजूला लागली की मोठ्या रस्त्यावर काही होत नाही. तिथली कुत्री रहदारीला सरावलेली, दुभाजकावर अंग टाकून निवांत पडलेली असतात. खरी गोष्ट सुरू होते ती गल्लीत वळल्यावर. दिवसा ही गल्ली महापालिकेची असते. रात्री बारानंतर तिची नव्याने वाटणी होते. दत्ताच्या देवळापासून पिठाच्या गिरणीपर्यंत एका टोळीचा अंमल, गिरणीपासून एमएसईबीच्या डीपीपर्यंत दुसरीचा आणि पुढे नाल्यापर्यंत तिसरीचा. गिरणीच्या पायरीशी एक टोळी थांबते आणि दुसरी उठते. दोघींमध्ये पट्टी धरून आखावी अशी रेष आहे आणि ती मला सोडून सगळ्यांना दिसते. दत्ताच्या तसबिरीत पायाशी बसलेली चार कुत्री म्हणजे चार वेद, असं आपण मानतो. आमच्या देवळाबाहेरही चारच आहेत, पण ती सगळी एकाच ऋचेवर अडली आहेत.

सुरुवातीला मी सगळे करतात तेच करायचो. कुत्रं गाडीमागे लागलं की पाय वर घ्यायचे आणि मूठ पिळायची. हा उपाय किती फसवा आहे, हे मला आमच्या छपाई विभागातल्या फोरमन काकांनी समजावलं. त्यांच्या विभागात हात गळ्यात बांधून आलेली माणसं मी पाहिली होती आणि सगळ्यांच्या तोंडी कुत्र्याचं नाव होतं. "त्यांतल्या एकालाही दात लागलेला नाही," काका म्हणाले. "सगळे घसरलेत. कुत्रं मागे लागलं म्हणून हे पुढे बघायचं सोडून मागे बघत होते. पुढे खडी होती." मग त्यांनी त्यांची रीत सांगितली. मूठ हळूहळू सोडायची. वेग कमी करत करत गाडी थांबवायची. पाय टेकायचे, आवाज करायचा नाही, कुत्र्याकडे बघायचं नाही. आणि मग माणूस चालतो त्या वेगाने पुढे सरकायचं.

ही रीत ऐकायला सोपी आहे. मागून तीन कुत्री भुंकत येत असताना ब्रेक लावायचा, म्हणजे बुद्धीने एकीकडे ओढायचं आणि उरलेल्या सगळ्या देहाने दुसरीकडे. पळण्याचा निर्णय डोकं घेतच नाही. तो गुडघे घेतात आणि डोक्याला मागाहून कळवतात. पण एकदा थांबून बघाच, कारण त्यानंतर जे दिसतं ते बघण्यासारखं असतं. कुत्र्याकडे पाठलागाची योजना असते, गाठल्यावर काय करायचं याची नसते. पळणारी गोष्ट दिसली की तिच्यामागे लागायचं, एवढंच त्याच्या रक्तात असतं. गाडी थांबली की त्या हुकमाचा आधारच जातो. पुढचं कुत्रं थबकतं, मागे वळून सहकाऱ्यांकडे बघतं. सहकारी दुसरीकडे बघतात. मग पुढारी टायर हुंगतो, तिथे शहरभरच्या कुत्र्यांनी आधीच आपली हजेरी लावून ठेवलेली असते, ती सावकाश वाचतो, आपलीही लावतो आणि खास याच कामासाठी आल्यासारखा परत जातो. एवढ्या संकोचाने माघार घेताना मी सभागृहातल्या विरोधी पक्षालाही पाहिलेलं नाही.

पण रात्रीच्या या विद्येचे खरे पंडित आम्ही नव्हे, पेपर टाकणारी मुलं. आम्ही पान सोडून झोपतो तेव्हा ती उठतात. पहाटे चार-साडेचारला फुटपाथवर बसून पुरवण्या भरायच्या आणि सायकलवर गठ्ठा लावून आपापली लाइन करायची. त्यांना प्रत्येक सोसायटीच्या दारातलं कुत्रं माहीत असतं. त्याचा कल, त्याचा राग, कुणाशी वाकडं आहे ते सगळं. त्यातल्या एकाला मी विचारलं, भीती नाही वाटत? तो म्हणाला, "वाटते की. म्हणून तर सायकल मधे ठेवतो." हे मला फार आवडलं. अंगावर येणाऱ्या कुत्र्यासमोर सायकलवरून उतरायचं आणि सायकल त्याच्या-आपल्या मधे धरून चालायचं. सायकल नसेल तर पिशवी, छत्री, दप्तर, जे हातात असेल ते. मारायचं नाही, नुसतं मधे धरायचं. चावायचंच झालं तर कुत्रं आधी जे पुढे येईल ते धरतं, आणि पिशवीला पोटरी नसते.

या मुलांचं पंचांगही वेगळं. भाद्रपद आला की ती घोळका दिसताच लाइन बदलतात. भाद्रपदातल्या कुत्र्यांची ख्याती मराठीत जुनीच आहे, घरात बायकामुलांसमोर तिचा उच्चार होत नाही एवढंच. एका मादीमागे सात-आठ नर, त्यांची आपसात जुंपलेली, आणि आपण मधे पाय घातला तर आपलं काही खरं नाही. गर्भ साधारण नऊ आठवड्यांचा. म्हणजे गणपतीत जे काही झालं त्याचा हिशेब दिवाळीच्या आगेमागे जिन्याखाली, वाळूच्या ढिगाऱ्यावर, बंद टपरीच्या फळीखाली कुंईकुंई करू लागतो. एरवी जी कुत्री आपल्याकडे ढुंकून बघत नव्हती तीच आता पंधरा पावलांवरून गुरगुरते. "ती व्यायलीय ना, गिरणीमागे," मुलगा मला सांगतो. "महिनाभर पलीकडून जा." त्यात कुणाकडे तक्रार नाही, उपदेश नाही. रस्ता खोदलाय, पलीकडून जा, इतक्याच सहज.

हे ऐकताना मला वाड्यातली आमची आजी आठवली. ती कुत्र्यांना हातातल्या फुंकणीने हुसकत असे, तेव्हा प्राणिप्रेमाबद्दल तिला श्रेय देता येणार नाही. पण वागण्याचे तिचे काही नियम होते आणि ते मोडले की पाठीत धपाटा ठरलेला. जेवणाऱ्याला हाक मारू नये. झोपलेल्याला ओलांडू नये. बाळंतिणीच्या खोलीत न विचारता शिरू नये. कुणाकडे टक लावून बघू नये. परक्याच्या दारात गेलं की आधी खाकरावं, एकदम आत घुसू नये. मोठं झाल्यावर मी पशुवैद्यांनी लिहिलेली कुत्र्यांविषयीची पत्रकं भाषांतराला घेतली (रात्रपाळीला अशी कामं येतात), तेव्हा थक्क झालो. खाणाऱ्या कुत्र्याजवळ जाऊ नका, झोपलेल्याला हात लावू नका, पिल्लं आणि आई यांच्यामध्ये येऊ नका, डोळ्याला डोळा भिडवू नका, मागून अचानक जाऊ नका. आजीचाच मसुदा. फरक एवढाच की मोडणाऱ्याला धपाट्याऐवजी लचका.

तेव्हा यात शौर्याचा संबंध मला दिसत नाही. जी माणसं कुत्र्यांना घाबरत नाहीत म्हणून छाती पुढे काढतात, त्यांच्यातलेच बरेच जण चावून घेतात. झोपलेल्याला उगाच थोपटायला जातात, जेवताना डोक्यावरून हात फिरवतात. उलट माझ्यासारखा भित्रा माणूस जन्मभर अंतर राखून, खाकरत, नजर चुकवत चालतो. कुत्री त्याला सुसंस्कृत समजत असली पाहिजेत.

नामदेवांची गोष्ट सगळ्यांना माहीत आहे. कुत्र्याने भाकरी पळवली, तर महाराज तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले, देवा कोरडी खाऊ नकोस म्हणत. लहानपणी ही गोष्ट ऐकताना मला नेहमी त्या कुत्र्याची काळजी वाटे. तोंडात घास असलेल्या कुत्र्यामागे धावणं ही संतांनीच करायची गोष्ट आहे. सर्वांभूती देव दिसेपर्यंत आपण तूप भाकरीला आधीच लावून ठेवावं आणि बाजूला व्हावं.

लहान मुलांचं मात्र अवघड असतं, कारण आजीचे हे नियम त्यांना अजून लागलेले नसतात. मूल कुत्र्याला मिठी मारतं. आपल्या दृष्टीने ती माया असते. कुत्र्याच्या दृष्टीने कुणीतरी गळ्याला विळखा घालून तोंडाजवळ तोंड आणलेलं असतं. मुलाची उंचीही नेमकी अशी की चावा पोटरीऐवजी चेहऱ्यावर, मानेवर बसतो, आणि तो जास्त धोक्याचा. मुलांना शिकवायचं तर 'भू-भू बघ, भू-भू' म्हणत बोटाने दाखवून जवळ नेण्याआधी झाडासारखं उभं राहायला शिकवावं. हात अंगाशी, नजर आपल्या पायांकडे, तोंड बंद. मुलांना हा खेळ आवडतो. कुत्रं येतं, हुंगतं, कंटाळून निघून जातं. आणि समजा पाडलंच त्याने, तर गुडघे पोटाशी घेऊन, मुठी मानेमागे आणि कोपरं कानांवर घेऊन मुटकुळं करायचं. मोठ्यांनीही हेच करायचं असतं, पण मोठ्यांना भर रस्त्यात मुटकुळं करायची लाज वाटते.

'भुंकणारा कुत्रा चावत नाही' ही म्हण ज्याने केली तो शब्दाचा पक्का असला पाहिजे. भुंकत असेपर्यंत खरंच चावत नाही, कारण तोंड एकच आहे. मला कुत्र्याच्या भुंकण्याबद्दल आदर वाटू लागला तो ब्रिटनमधल्या केंडल शेपर्ड या पशुवैद्य बाईंची शिडी पाहिल्यापासून. त्यांनी कुत्र्याच्या नाराजीच्या पायऱ्या मांडल्या आहेत. सगळ्यांत खालची पायरी म्हणजे जांभई देणं, डोळे मिचकावणं, स्वतःचं नाक चाटणं. मग मान फिरवणं, पाठ फिरवणं, उठून दूर जाणं. मग कान मागे, शेपूट पायांत. मग अंग ताठ आणि नजर रोखलेली. मग गुरगुर. मग हवेतल्या हवेत दात वाजवणं. आणि सगळ्यांत वर, अखेरीला, चावा. थोडक्यात, चावण्यापूर्वी त्याने पुष्कळ सांगून पाहिलेलं असतं. जांभई दिली तेव्हा आपण म्हणालो, "झोप आलीय वाटतं बाळाला." नाक चाटलं तेव्हा म्हणालो, "भूक लागली." गुरगुरलं तेव्हा मालकाने टपली मारली, "गप!" त्या टपल्या खाऊन खाऊन काही कुत्री गुरगुरायचं सोडून देतात, आणि मग लोक म्हणतात, बघा, काही सूचना न देता चावला.

शेपटीने तर भल्याभल्यांना फसवलं आहे. शेपूट हलते म्हणजे प्रेम, ही समजूत इतकी घट्ट आहे की लोक तिच्या भरवशावर हात पुढे करतात. शेपूट हलते म्हणजे कुत्रं कशाने तरी चाळवलं आहे, एवढंच नक्की. कमरेपासून सगळं अंग सैल पडून डुलत असेल तर या, बसा. पण अंग काठीगत ताठ, शेपूट वर उभी आणि नुसतं टोक झरझर हलतंय, तर आपण घरी परत जावं. शेपूट बघायच्या आधी उरलेलं कुत्रं बघावं.

आता मालकांकडे येतो, कारण भटक्या कुत्र्यांच्या मागे सगळेच लागतात आणि पट्ट्यातली कुत्री सुटतात. पुण्यात 'कुत्र्यापासून सावध राहा' ही पाटी नसलेला बंगला विरळा. तिच्यातून कुत्र्याविषयी फारसं कळत नाही. घराविषयी कळतं. काही पाट्यांखाली कुत्रं मरून दहा वर्षं झालेली असतात, पण दरारा चालू असतो. अडचण येते ती दार उघडल्यावर. आतून एक थोराड देह झेप घेतो, त्याचे दोन पंजे माझ्या छातीवर असतात, मी भिंतीचा भाग झालेलो असतो, आणि पलीकडून शांत स्वरात वाक्य येतं, "काही करत नाही हो तो." हे वाक्य जगातल्या सगळ्या श्वानमालकांना कुणीतरी पट्ट्याबरोबर देत असावं. त्याचे उपप्रकार आहेत. "खेळतोय तुमच्याशी." "तुम्ही आवडलात त्याला." "नुसता वास घेतोय, घेऊ द्या." आणि सगळ्यांत भयंकर म्हणजे, "आजवर कधीच असं केलं नव्हतं!" हे शेवटचं नेहमी भूतकाळात येतं.

यावर मी एक उत्तर बसवलं आहे आणि ते रागावून म्हणायचं नाही. "त्याच्याबद्दल काही म्हणणं नाही हो माझं, मीच जरा विचित्र वागतो. धरता का त्याला?" दोष स्वतःकडे घेतला की मालक लगेच पट्टा धरतो. लिफ्टमध्ये मात्र हेही करत नाही. एवढ्याशा डब्यात ना त्याला मागे सरकायला जागा, ना मला. मी जिन्याने जातो. माझी तब्येत राखण्याचं बरंचसं श्रेय चौथ्या मजल्यावरच्या त्या जर्मन शेफर्डला आहे.

दगड उचलण्याच्या युक्तीविषयी सांगायलाच हवं, नाहीतर कुणीतरी विचारेल. आपल्याकडची कुत्री नुसतं वाकलेल्या माणसालाही घाबरतात, कारण वाकणाऱ्याच्या हातात पुढे काय येतं ते त्यांच्या अनुभवाला आहे. पूर्वी डांबराखालची खडी वर आलेली असे, तेव्हा ते वाकणं खरंही वाटे. आता काँक्रीटच्या गल्लीत वाकलो तर हाती काही लागत नाही, आणि हे त्यांना माझ्याआधी समजलं आहे. शिवाय एकटं कुत्रं वाकण्याने मागे हटतं, टोळी हटेलच असं नाही. आणि मारलेल्या दगडाचा राग माझ्यानंतर येणाऱ्यावर निघतो, बहुतेक त्या पेपरवाल्या मुलावर. मी वाकत नाही. एक 'हाड्' म्हणतो, तेही कापऱ्या आवाजात नाही. ठाम, आखूड, आणि एकदाच. मग तोंड त्यांच्याकडे ठेवून तिरका तिरका मागे सरकत जातो. पाठ एकदम फिरवली की सगळं मुसळ केरात.

आणि तरीही चावलाच तर? आमचा एक सहकारी ऑफिसच्या जिन्यात झोपलेल्या कुत्र्याला ओलांडायला गेला. आजीचा नियम क्रमांक दोन. पोटरीवर चार दात उमटले. भोवती जमलेल्यांपैकी एकाने तिखट भरायला सांगितलं, दुसऱ्याने चुना, तिसऱ्याने हळद आणि तेल. मराठी माणसाकडे जखम आली की तो तिला फोडणी द्यायला निघतो. फोरमन काकांनी सगळ्यांना बाजूला सारून त्याला मोरीत बसवलं, नळ सोडला आणि हातात साबणाची वडी दिली. घड्याळ लावून पंधरा मिनिटं. रेबीजच्या विषाणूवर स्निग्ध पदार्थाचं आवरण असतं, ते साबणाने फुटतं. जखमेतून मज्जातंतूंच्या वाटेने मेंदूकडे निघण्याआधी जितका धुऊन जाईल तितका बरा. पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याखाली पाय धरून बसणं फार लांब वाटतं. बघणाऱ्यांनाही. लोक पाचव्या मिनिटाला म्हणू लागतात, झालं की आता.

मग महापालिकेचा दवाखाना, जिथे लस फुकट मिळते. जायला मात्र तो तयार नव्हता, कारण आमच्या पिढीच्या डोक्यात बेंबीभोवतीची चौदा इंजेक्शनं पक्की बसली आहेत. ती दंतकथा नव्हे. डेव्हिड सेंपल यांनी १९११ साली कसौलीत तयार केलेली, मेंढीच्या मेंदूपासून बनवलेली ती लस आपल्याकडे थेट २००४ पर्यंत तयार होत होती आणि ती पोटातच टोचत. आता ते गेलं. आता दंडावर, कातडीतच, शून्य, तीन, सात आणि अठ्ठावीस या दिवशी. पहिला दिवस शून्य का, यावर रांगेत बरीच चर्चा झाली. एका काकांचं म्हणणं, हिशेब चुकवण्यासाठीच असं करतात. जखमेतून रक्त आलं असेल तर जखमेतच आणि तिच्या भोवती इम्युनोग्लोब्युलिन टोचतात. ते दुखतं, आणि ते सोडायचं नसतं.

खिडकीतल्या बाईंनी विचारलं, "कुत्रा ओळखीचा की अनोळखी?" आमच्या सहकाऱ्याला क्षणभर काय सांगावं कळेना. रोज त्याला डब्यातली पोळी घालणारा हाच. शेवटी पडलेल्या आवाजात म्हणाला, "ओळखीचा." बाईंनी मान न वर करता लिहून घेतलं. त्यांना ते नवीन नव्हतं. प्रश्नामागे कारण होतं. चावलेलं कुत्रं दहा दिवस धडधाकट राहिलं तर चावलं तेव्हा त्याच्या लाळेत रेबीज नव्हता असं मानतात. म्हणून त्याच्यावर नजर ठेवायची, पण लस त्या दहा दिवसांसाठी थांबवायची नाही. कारण या रोगाची लक्षणं दिसू लागली की मग उपाय जवळजवळ उरतच नाही. फ्रान्समध्ये ६ जुलै १८८५ रोजी जोसेफ माइस्टर या नऊ वर्षांच्या मुलाला लुई पाश्चर यांनी पहिल्यांदा ही लस देववली, तेव्हापासून सगळा खेळ लक्षणांच्या आधी पोहोचण्याचा आहे. तो मुलगा वाचला आणि पुढे पाश्चर यांच्याच संस्थेत राखणदार झाला. राखणदारीचं काम कुत्र्याकडून त्याच्याकडे आलं, असं मी एकदा एका मथळ्यात लिहिलं होतं. संपादकांनी ते काढलं.

कुत्र्यांचं काय करायचं, हा वाद मुंबईला फार जुना आहे. १८३२च्या जूनमध्ये कंपनी सरकारने मोकाट कुत्री मारायचं ठरवलं, तर पारशी मंडळी चिडून रस्त्यावर उतरली, दुकानं बंद पडली, दंगल झाली. आजही वादाचा पारा तेवढाच. २०२५च्या ऑगस्टात सर्वोच्च न्यायालयाने ११ तारखेला दिल्लीतली सगळी भटकी कुत्री निवाऱ्यात हलवा म्हणून सांगितलं आणि २२ तारखेला नसबंदी करून, लस टोचून, पिसाळलेली आणि आक्रमक वगळता पुन्हा जागेवर सोडा म्हणून सांगितलं. त्या दोन्ही रात्री आमच्या विभागात दोन तट पडले होते आणि पानं उशिरा सुटली. गोव्याने मात्र त्याआधीच गाजावाजा न करता वर्षानुवर्षं घरोघर, किनाऱ्या-किनाऱ्यावर कुत्र्यांना लस टोचली, शाळांत मुलांना धडे दिले आणि २०२१ साली ते राज्य रेबीज-नियंत्रित म्हणून जाहीर झालं. माझं मत विचाराल तर शंभरातल्या सत्तर कुत्र्यांना लस मिळाली की रोगाची साखळी तुटते, हे गणित मला दोन्ही तटांच्या घोषणांपेक्षा आवडतं. पण त्याच्यावर मोर्चा निघत नाही.

नसबंदी आणि लस झालेल्या कुत्र्याच्या कानाला खाच असते. देवळाबाहेरच्या चौघांपैकी तिघांच्या कानाला आहे. चौथं तांबूस, त्याच्या कानाला नाही. पालिकेची गाडी आली की ते कुठे जातं, कुणास ठाऊक. पेपरवाल्या मुलालाही माहीत नाही, म्हणजे खरंच कुणाला माहीत नाही.

गेल्या महिन्यात रात्रपाळीला एक नवी प्रशिक्षणार्थी आली. संगणकाचा पासवर्ड, पानांची वेळ, चहावाल्याचा नंबर देऊन झाल्यावर मी तिला घरी जायचा रस्ता विचारला आणि कागदावर काढून दिला. गिरणीपाशी वेग कमी कर. डीपीजवळचं काळं नुसतं भुंकतं, त्याला भुंकू दे. गिरणीमागे व्यायलीय, तेव्हा सध्या मागच्या रस्त्याने नको. मागे लागली तर थांब. तिने नकाशा नीट बघितला, घडी करून ठेवला.

"आणि सर, पाऊस असला तर?"

"पावसात कुणी मागे लागत नाही. सगळी इथेच खाली पार्किंगमध्ये येऊन झोपतात. गाडी काढायच्या आधी खाली वाकून बघ, नाहीतर कुणाच्या तरी शेपटीवरून चाक घालशील."

"वाकून?" ती म्हणाली. "वाकलं की ती घाबरतात ना?"

मग आम्ही असं ठरवलं, की आधी दुरूनच खाकरायचं, हॉर्न द्यायचा नाही, आणि मग वाकायचं.